भामीच्या रक्तातले नारंगी दाणे

रविवार, १ जुलै १९७९. सकाळी ६.१०

आजपासून नोंद शिस्तीत ठेवायची. सुट्या कागदांवरचं आधी इथं उतरवून घेतो. ही वही माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही, तरी नोंद म्हणजे नोंद.

भामी, म्हणजे सत्यभामा. माझ्या मुलीची मुलगी. वय सात वर्षं दोन महिने. वजन साडेसतरा किलो (धानाच्या काट्यावर, दोनदा पाहिलं). तिची आई मंगला, तिला जाऊन येत्या सप्टेंबरात दोन वर्षं होतील. तेव्हापासून भामी इथं सिहोऱ्यात, माझ्याजवळ आणि माझ्या बायकोजवळ, देवकाजवळ. बाप बपेऱ्यात असतो.

६ जून. भामीला बारीक ताप. रक्त घेतलं. गोळी अर्धी.
७ जून. अंगावर पित्त उठलं. गांधी १९. पाठ, मांड्या.
१५ जून. पित्ताचं कारण कळावं म्हणून रक्त. गोळी अर्धी.
१६ जून. गांधी २६.
२४ जून. रक्त. गोळी अर्धी.
२५ जून. गांधी ३१. उजव्या कानाची पाळी सुजली.

निष्कर्ष : रोग वाढतीवर आहे. रक्त आठवड्यातून दोनदा घेतलं पाहिजे.

मंगळवार, ३ जुलै. दुपारी

दोन खुलासे करून ठेवतो.

एक. मी सातवी पास आहे. पण मलेरिया खात्यात एकोणीस वर्षं घरोघर फिरून बोटं टोचतो, काचेवर रक्त घेतो, भिंतीवर तारीख टाकतो. काचा तुमसरला जातात, तिथला शिकलेला माणूस त्या पाहतो, आणि रिपोर्ट येतो तोवर पेशंट एकतर बरा झालेला असतो किंवा दुसरं काही. म्हणून मी स्वतः शिकलो. नागपूरला फुटपाथवर इंग्रजी पुस्तक घेतलं, डिक्शनरी घेतली, रोज दीड पान. सूक्ष्मदर्शक जुना आहे, आरशावर ऊन घ्यावं लागतं. सिहोऱ्यात रक्त वाचणारा मी एकटा. हे गर्वानं लिहीत नाही, वस्तुस्थिती म्हणून लिहितो.

दोन. गोळीचं. आमच्या खात्याचा नियम आहे, बोट टोचलं की क्लोरोक्विन द्यायचं. रिपोर्ट यायचा तेव्हा येवो. टोचणं आणि गोळी ही जोडी आहे, बैलजोडीसारखी. माझ्या हातून हा नियम एकदाच चुकला, तेव्हा स्टोअरमध्ये गोळ्याच नव्हत्या. ते लेखी आहे.

गुरुवार, ५ जुलै

पुस्तकात सापडलं. पान २११. रक्तात एक प्रकारची पांढरी पेशी असते, तिच्या पोटात नारंगी दाणे. पित्त, दमा, खाज असली की या पेशी वाढतात. शंभर पांढऱ्या पेशी मोजायच्या, त्यात नारंगी किती ते पाहायचं. एक ते सहा म्हणजे ठीक.

माझा सिद्धांत : जितक्या नारंगी पेशी जास्त, तितकं पोराचं पित्त जोरदार. म्हणजे आज रक्त पाहून उद्याच्या गांधी सांगता येतील. सांगता आल्या म्हणजे थांबवता येतील. हे कोणी केलेलं नसावं. निदान आपल्या जिल्ह्यात नसावं.

रक्त घेतलं. गोळी अर्धी. आकाशात ढग. आरशात ऊन नाही. काउंट उद्या.

शुक्रवार, ६ जुलै. संध्याकाळी

काउंट १२. गांधी ३४. सिद्धांत खरा!

देवकाला सांगितलं. ती पोरीच्या पाठीला खोबरेल लावत होती. म्हणाली, बारा का चौतीस, खाज तं पोरीलेच सुटून राहिली ना जी. तिला शास्त्रात गती नाही.

रविवार, ८ जुलै

गांधींचे दर्जे ठरवले. नुसती संख्या पुरत नाही, आकारही पाहिजे.
पहिला दर्जा : मुगाएवढी. दुसरा : बोराएवढी. तिसरा : पापडाएवढी. चौथा : एकीत एक मिसळून नकाशा झालेली.
भामी म्हणाली, आबाजी, हा पाठीवरचा नकाशा कोनत्या गावचा हाये? म्हटलं, हलू नको, मोजणी चुकते.

आजपासून जेवणात झिंगे बंद.

गुरुवार, १२ जुलै

रक्त. गोळी अर्धी. काउंट ११.

आज वांगंही बंद केलं. एकेक पदार्थ काढत गेलं की चोर सापडतोच.

गुरुवार, १९ जुलै

शुक्रवारी (१३) गांधी ३६ होत्या. वांगं निर्दोष. सोमवारी (१६) रक्त, गोळी. मंगळवारी ३९. लाखोरीची डाळ बंद. आज रक्त, गोळी. उद्या पाहू. अंबाडीवर संशय आहे.

एक गोष्ट नोंदवतो. शनिवार, रविवार अंग एकदम साफ. बुधवारीही साफ. म्हणजे हा रोग वार पाळणारा आहे. दिवसाआड येणाऱ्या पाळीच्या तापासारखा. पुस्तकात असं कुठं नाही. ही माझी भर.

शनिवार, २८ जुलै

आरोग्य केंद्रावर कंपाउंडर केशवराव भेटले. माझ्या बरोबरीचे, पण तोंडाळ. सर्वांसमोर म्हणाले, तुलाराम, सिहोऱ्यातले मच्छर तुले पाहून लाजून राहिले बे. लोक हसले. मी म्हटलं, केशवराव, मी नातीच्या पित्तावर संशोधन करतो आहे. ते म्हणाले, संशोधन कर, पन पोरीत थोडंसं रक्त ठेवजो.

त्यांना काउंट म्हणजे काय ते समजावून सांगायला लागलो. ऐकता ऐकता ते बाटल्या धुवायला उठून गेले.

सोमवार, ६ ऑगस्ट

सिद्धांत पक्का करायचा तर दुसरी पोरंही पाहिली पाहिजेत. ड्यूटीवर तापाच्या पोरांचं रक्त घ्यावंच लागतं, एक काच जास्त घेतली. सहा पोरं पाहिली. कोणाच्याच अंगावर पित्त नाही, पण कवडूच्या पोराचा काउंट २२!

कवडूला सावध केलं की याच्या अंगावर तीन दिवसांत चौथ्या दर्जाच्या गांधी उठणार.

शुक्रवार, १० ऑगस्ट

कवडूच्या घरी जाऊन आलो. गांधी नाहीत. काल नव्हत्या, परवाही नव्हत्या. पोरगं बांधावर चिखलात लोळत होतं. कवडू म्हणाला, रोज रोज येऊन माह्या पोराले काहून पाहून राहिले जी? नजर लावता का? त्याची बायको आतून म्हणाली, पोटात जंत हायेत त्याच्या, मागच्या पंधरवड्यात पडले बी, बाकी काही नाई.

जंतांनी काउंट वाढतो हे पुस्तकात आहे, पान २१३. पण काउंट सुरू झाल्यापासून माझं वाचन २१२ वरच थांबलं होतं. कवडूचं पोर यादीतून काढलं.

मंगळवार, १४ ऑगस्ट

देवकाशी शब्दाला शब्द. तिचं म्हणणं, पोरीला तुमसरला दाखवा. माझं म्हणणं, तुमसरचे डॉक्टर काय करतील, सुई मारतील आणि घरी पाठवतील. काउंट कोण ठेवील? पोरीचं सव्वादोन महिन्यांचं रक्त माझ्याइतकं कोणाला माहीत आहे?

ती म्हणाली, मंगलाच्या येळेस बी असंच म्हनत होते तुमी.

हे बरोबर नाही. मंगलाचं इथं एकदाचं लिहून ठेवतो. ती बाळंतपणाला आली होती, सातवा महिना. १४ सप्टेंबर ७७ ला ताप आला. रक्त मीच घेतलं. गोळी दिली नाही, कारण गोळ्या संपल्या होत्या. २२ तारखेला ती गेली. पोटातलंही. काचेचा रिपोर्ट ५ ऑक्टोबरला आला, पॉझिटिव्ह. यात माझ्याकडून काय राहिलं? काही नाही. स्टोअरचं रजिस्टर पाहावं.

त्यानंतर एकही बोट मी गोळीशिवाय सोडलं नाही. सोडणारही नाही.

गुरुवार, २३ ऑगस्ट

तान्हा पोळा. गल्लीतली सगळी पोरं लाकडी बैल घेऊन निघाली. भामीच्या बैलाला देवकानं कालच झूल शिवून दिली होती. भामी म्हणाली, आबाजी, जाऊ का जी? आज रक्ताचा दिवस. उन्हात फिरून आली तर काउंट बिघडतो की काय ते माहीत नाही, म्हणून धोका नको. नाही म्हटलं.

तिनं हट्ट केला नाही. घरातच या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बैल ओढला. चाळीस फेऱ्या. समजूतदार आहे, माझ्यावर गेली.

रक्त. गोळी अर्धी. वजन साडेसोळा. एक किलो कमी झालं. सध्या भात, मीठ आणि ताक एवढंच चालू आहे, त्यामुळे वजनाचा आकडा शुद्ध आहे.

बुधवार, ५ सप्टेंबर

अडचण. काउंट उतरतो आहे. १२, ११, ९, ६, सोमवारी ४. म्हणजे पित्त उतरायला पाहिजे. पण गांधी ४१, ४३, ४४, सगळ्या तिसऱ्या दर्जाच्या. पोर चुकत असावी. म्हणजे तिचं अंग चुकत असावं. किंवा काचेला लावायचा रंग जुना झाला. नागपूरहून नवा रंग मागवला.

ठराव : शुक्रवारपासून रोज रक्त. मध्ये दिवस सोडल्यानंच घोटाळा होतो.

सोमवार, १० सप्टेंबर

सकाळी ७.०० रक्त. गोळी अर्धी. सलग पाचवा दिवस. काउंट १. शंभरात एक! म्हणजे पोर बरी झाली. देवकाला तसं सांगून ड्यूटीवर निघालो.

११.२० ला शेजारचा माणूस शोधत आला. घरी आलो तर भामीचे डोळे दिसत नव्हते, इतके सुजलेले. ओठ उलटे. अंगभर नकाशा. आवाज घोगरा, श्वासाला शिट्टी. देवका तिला उचलून केंद्राकडे पळत सुटली, पायात चप्पल नाही.

केशवरावांनी सुई दिली. त्या वेळी ते चेष्टा करत नव्हते. केंद्राची जीप मिळाली. तुमसरला जाता जाता मी भामीचा वरचा ओठ मोजला, पाऊण इंच. देवकानं माझ्या हातातली पट्टी ओढली आणि जीपबाहेर फेकली.

पट्टी शाळेची होती. नवी आणावी लागेल.

मंगळवार, ११ सप्टेंबर. तुमसर, दवाखान्याची ओसरी

भामी बरी आहे. डोळे उघडले. बिस्कीट मागितलं.

इथल्या डॉक्टरबाई नव्या आहेत, पंचवीस-सव्वीस वर्षांच्या. विचारलं, पोरीला काय काय देता? मी वही पुढं केली. त्यांनी खुर्ची ओढली, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. म्हणाल्या, इतकी नेटकी नोंद मी कॉलेजातसुद्धा पाहिली नाही. हे त्यांचे शब्द आहेत, माझे नाहीत.

मग त्या म्हणाल्या, काका, तुम्ही हे सगळं स्वतःच लिहून ठेवलं आहे हो. आणि लाल पेन्सिल घेऊन जिथं जिथं 'गोळी अर्धी' आहे तिथं गोल केला, आणि तिथून खालच्या गांधींपर्यंत बाण. पानभर बाण. म्हणाल्या, गोळी या पोरीच्या अंगाला चालत नाही. पुन्हा दिली तर श्वास बंद होईल. आणि रोज बोट टोचणंही बंद करा, त्यात काही नाही.

मी विचारलं, आणि काउंट? बारा होता तेव्हा पित्त कमी, एक आला तेव्हा जीवावर, हे कसं? त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. म्हणाल्या, ते मला सांगता येणार नाही.

म्हणजे बाईंना सगळं येत नाही. माझ्या वहीत पेन्सिल चालवायला नको होती.

शुक्रवार, १४ सप्टेंबर. सिहोरा

काल घरी आलो. देवकानं पोरीला वांग्याची भाजी वाढली. पोर दोनदा मागून जेवली. अंग साफ.

माझं मत असं की दवाखान्यातल्या सुईचा अंमल अजून आहे. आज तारीख चौदा. मंगलाला ताप आला तो दिवस.

रविवार, १६ सप्टेंबर

सकाळी भामीचं कपाळ गरम लागलं. देवका म्हणते, चुलीजवळ बसली होती म्हणून. मला गरम लागलं. सप्टेंबर आहे, ताप आहे, रक्त नको घेऊ? घेतलं. देवका पाण्याला गेली होती.

गोळी द्यायची नव्हती. बाईंनी सांगितलं ते लक्षात होतं. पण ताप असताना गोळी न देणं मला जमत नाही. अर्ध्याची अर्धी दिली. तेवढ्यानं काही होत नाही. शिवाय एका बाईच्या बाणांनी एवढं काम मोडीत निघत नाही, प्रूफ दोन्ही बाजूंनी पाहिजे.

दुपारी २.०० : गांधी नाहीत. पाहा!
दुपारी ३.३० : मानेवर ३.
४.१५ : ५२. ओठ थोडा. केशवरावांना बोलावलं. सुई.

देवकानं कोनाड्यातून गोळीचा उरलेला तुकडा काढला. हातात धरून पाहिला. तिनं तो चुलीत टाकला आणि बपेऱ्याच्या गाडीनं निरोप पाठवला.

मंगळवार, १८ सप्टेंबर

जावई आला. तेजराम. मंगलानंतर त्यानं दुसरं केलं आहे, माणूस वाईट नाही. ओसरीवर बसला, पाणी प्याला, जमिनीकडे पाहत म्हणाला, मामाजी, पोरीले नेतो. माह्या मायनं सांगितलं, आता इथंच आन म्हनून.

मी त्याला नीट समजावलं की संशोधन मधेच तोडता येत नाही, शंभर काचा व्हायला अजून पंचावन्न राहिल्या. तो म्हणाला, मामाजी, तुमची काच राहू द्या, माही पोर एकच हाये.

देवकानं बोचकं आधीच बांधून ठेवलं होतं. म्हणजे हे तिनंच ठरवलं. जिनं पोरीला दोन वर्षं छातीशी धरून निजवलं तिनंच. मी म्हटलं, तू राहशील कशी तिच्याविना? ती म्हणाली, राहीन. पोर जगली म्हंजे राहीन.

तेजरामला सूचनांचा कागद दिला, सात कलमं. त्यानं न वाचता खिशात घातला. भामी सायकलीच्या नळीवर बसली. वळणापर्यंत मागं पाहत होती. देवकाकडे.

देवकाचा माझ्याबद्दल गैरसमज झाला आहे. वेळ जाईल तसा निघेल.

गुरुवार, २० सप्टेंबर

काउंट नाही.

शुक्रवार, २१ सप्टेंबर

काउंट नाही. नागपूरचा नवा रंग आला. ऊन एकदम स्वच्छ.

रविवार, ७ ऑक्टोबर

तेजरामचं कार्ड. पोरीला येऊन पंधरा दिवस झाले, एकही गांध नाही. त्याच्या आईनं, रंभाबाईनं, आल्या आल्या गेरू लावून काळ्या घोंगड्यात गुंडाळलं, तेव्हापासून आराम आहे. सगळं खाते. झिंगेसुद्धा.

गेरू! अडीच महिने मी रक्त मोजलं, पथ्य पाळलं, आणि नाव कोणाचं, तर गेरूचं! खरं म्हणजे माझ्या पथ्याचा गुण उशिरा येतो आहे, एवढंच. रंभाबाईला तसं कार्ड टाकणार आहे.

देवकानं कार्ड माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. चौथ्यांदा नुसतं हातात धरून बसली.

रविवार, १४ ऑक्टोबर

सकाळी विहारात जाऊन आलो. धम्मदीक्षेचा, वर्षाचा मोठा दिवस, पोरं पांढऱ्या कपड्यांत. कोणी विचारलं, नात कुठं आहे? म्हटलं, हवापालटाला.

ठराव : सगळ्या नोंदी फेअर करून नागपूरच्या मोठ्या दवाखान्याला पाठवायच्या. तिथं कोणीतरी जाणकार असेल. लाल बाणांची पानं पाठवता येत नाहीत, म्हणून नवी वही. रकाने पाच : तारीख, रक्त, काउंट, गोळी, गांधी. अक्षर छापील.

गुरुवार, १८ ऑक्टोबर

फेअर कॉपी. जून पूर्ण. जुलै पूर्ण. अक्षर उत्तम आलं आहे.

एक रकाना मी उगीच घेतला असं वाटतं. गोळीचा. तो गांधींच्या अगदी शेजारी आला.

रविवार, २८ ऑक्टोबर

फेअर कॉपी बंद.

एका रकान्यात अर्धी, अर्धी, अर्धी, आणि शेजारच्यात १९, २६, ३१, ३४, ३६, ३९. जिथं पहिला रिकामा तिथं दुसराही रिकामा. काउंटचा रकाना आपल्या मनानं वर-खाली. शनिवार-रविवार अंग साफ राहायचं ते रोग वार पाळतो म्हणून नव्हे. वार मी पाळत होतो.

रकाने मीच आखले. कोणी बाण काढले नाहीत.

मंगळवार, ३० ऑक्टोबर. सकाळी

दुरुस्ती.

१४ ऑगस्टच्या नोंदीत, आणि त्याआधी ३ जुलैच्या, गोळ्या नव्हत्या असं लिहिलं आहे. ते चूक आहे. स्टोअरमध्ये नव्हत्या हे खरं. माझ्या पिशवीत सहा होत्या. मंगला पोटुशी होती. गोळी गरम पडेल, पोटातल्याला काही होईल, असं मनात आलं. दुसऱ्याची मुलगी असती तर दिली असती. नियमच तसा आहे. आपली म्हणून म्हटलं, रिपोर्ट येऊ दे.

जिला द्यायची होती तिला दिली नाही. जिला द्यायची नव्हती तिला सव्वीस वेळा दिली. (मोजून लिहिलं.)

त्याच दिवशी. संध्याकाळी

देवकाला सांगितलं. ती सुपात तांदूळ पाखडत होती. थांबली नाही. म्हणाली, मले तवाच मालूम होतं. पिशवी मीच खुटीले टांगली होती, आत वाजत होत्या. म्हटलं, मग दोन वर्षं बोलली कशी नाहीस? म्हणाली, बोलून का करू जी? तुमी बी तं बापच होते.

मग भात झाला. जेवलो.

रविवार, ४ नोव्हेंबर

बपेऱ्याला जाऊन आलो. सायकलनं, एक तास दहा मिनिटं. पिशवी नेली नाही. सुई नाही, काच नाही, वही नाही. देवकानं चिवडा दिला होता तेवढा हँडलला. धानाची कापणी जोरात आहे, रस्ताभर भारे.

भामी अंगणात पोरींसोबत खेळत होती. अंग भरलं आहे. वजन अंदाजे एकोणीस. हात, मान, पाय साफ. मला पाहिलं आणि खेळ सोडून आली. मला वाटलं, बिलगेल.

ती समोर उभी राहिली. डाव्या हाताचं मधलं बोट झग्याला पुसलं, माझ्यापुढं धरलं, मान फिरवली, डोळे मिटले. नंतर तोंड उघडलं, गोळीसाठी. बाकीच्या पोरी पाहत होत्या.

म्हटलं, नाही बाळ. आज काही नाही. मिटून घे तोंड.

तिनं लगेच मिटलं नाही. थोडा वेळ तशीच उभी होती. मग एक डोळा उघडून माझे दोन्ही हात पाहिले, आणि विचारलं, मंग कायले आले जी आबाजी?

मी म्हटलं, ड्यूटीवर याच रस्त्यानं जाऊन राहिलो होतो.

बपेरा माझ्या हद्दीत येत नाही.